जूल शाळेत कशी शिरली: अमेरिकेतल्या व्हेपिंगचं एक प्रकरण

शाळेतली व्यसनं रोखायची म्हटलं की आपल्याकडे सगळ्यात आधी एक व्याख्यान ठरतं. काळ्या फुफ्फुसाचे फोटो, तोंडाच्या कॅन्सरच्या स्लाइड, मग हात पुढे करून शपथ, मग पोस्टर स्पर्धा. हे करू नका असं मी म्हणणार नाही. पण मुलांचं व्यसन खरं कशाने वाढतं आणि कशाने कमी होतं हे बघायचं असेल तर अमेरिकेत २०१५ नंतर जे झालं ते एकदा शांतपणे वाचा, कारण इथे एकच वस्तू आहे, एकच वयोगट आहे, दरवर्षी मुलांकडूनच भरून घेतलेला सर्व्हे आहे, आणि आकडा आधी भसकन वर गेलाय आणि नंतर खालीही आलाय. असं सगळं एका ठिकाणी फार क्वचित मिळतं.

वस्तूचं नाव जूल. ही एक ई-सिगारेट, म्हणजे निकोटिनचा द्रव तापवून त्याची वाफ ओढायचं बॅटरीवरचं यंत्र, आणि अशी वाफ ओढणं म्हणजेच व्हेपिंग. जून २०१५ मध्ये बाजारात आली. काढणारे दोघे, ॲडम बोवेन आणि जेम्स मोन्सीस, स्टॅनफर्डला प्रॉडक्ट डिझाइन शिकलेले, दोघंही स्वतः सिगारेट ओढणारे, आणि सिगारेट ओढणाऱ्या मोठ्या माणसांना कमी घातक पर्याय द्यायचाय असं त्यांचं म्हणणं होतं. ते म्हणणं खोटं होतं असं मी धरून चालत नाही. पण वस्तू काय होती ते बघा. दिसायला पेनड्राइव्हसारखी, लॅपटॉपच्या यूएसबीला लावून चार्ज व्हायची, मुठीत मावायची, वाफ थोडीशी आणि लगेच विरणारी. त्यात छोटा पॉड बसवायचा, त्यातल्या द्रवात वजनाने ५ टक्के निकोटिन, म्हणजे एका मिलिलिटरला साधारण ५९ मिलिग्रॅम. युरोपात याची कायदेशीर मर्यादा २० मिलिग्रॅम आहे. एका पॉडमध्ये साधारण एका सिगारेटच्या पाकिटाइतकं निकोटिन असतं असं कंपनी स्वतःच सांगायची.

आता इथे थोडं थांबायला हवं कारण सगळी मेख इथेच आहे. आधीच्या ई-सिगारेटमधलं निकोटिन घशाला लागायचं, जोरात ओढलं की ठसका यायचा, त्यामुळे नवख्या पोराला एका मर्यादेपलीकडे ते घेताच यायचं नाही. जूलने त्यात बेंझोइक ॲसिड मिसळून निकोटिनचा क्षार वापरला. घशाला लागणं कमी झालं, आणि घशाला लागत नाही म्हटल्यावर डोस वाढवता आला. म्हणजे ज्या ठसक्यामुळे पहिल्याच दिवशी एखादं पोर ते टाकून देईल तो ठसकाच काढून टाकला, आणि वर आंबा, पुदिना, फ्रूट, काकडी, क्रेम ब्रूले असे फ्लेवर. सिगारेट ओढणाऱ्या पन्नाशीच्या माणसाला यातलं काही सोयीचं वाटेलही, पण चौदा वर्षांच्या ज्या मुलाने आयुष्यात कधी सिगारेट हातात धरली नाही त्याच्यासाठी दार सताड उघडलं ते यामुळे.

जाहिरातीचंही तसंच. २०१५ ची पहिली कॅम्पेन चटक रंगांची, तरुण मॉडेल्सची, न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये मोठा बिलबोर्ड, इन्स्टाग्रामवर गाजावाजा. स्टॅनफर्डच्या रॉबर्ट जॅकलर यांच्या टीमने पहिल्या तीन वर्षांच्या जाहिराती गोळा करून २०१९ मध्ये मांडलं की सुरुवातीचे सहा महिने तरी त्यांचा रोख उघड उघड तरुणांकडे होता. मॅसॅच्युसेट्स राज्याने २०२० मध्ये कंपनीवर खटला भरला त्यात तर निकेलोडियन आणि कार्टून नेटवर्क या लहान मुलांच्या चॅनेलच्या वेबसाइटवर जाहिरातीची जागा घेतल्याचा आरोप होता.

आकडे

अमेरिकेत नॅशनल यूथ टोबॅको सर्व्हे म्हणून दरवर्षी होतो, सहावी ते बारावीची मुलं भरतात, प्रश्न साधा असतो, गेल्या ३० दिवसांत घेतलं का. नववी ते बारावीच्या मुलांचं बघू. सिगारेट २०११ मध्ये १५.८ टक्के होती ती २०१७ मध्ये ७.६ वर आली होती, म्हणजे अनेक वर्षांच्या कष्टाने पोरं सिगारेटपासून लांब जात होती. आणि त्याच वेळी ई-सिगारेट २०१७ ला ११.७ टक्के, २०१८ ला २०.८, २०१९ ला २७.५. चारातलं एक पोर. एका वर्षात ७८ टक्के वाढ झाली २०१७ ते १८ मध्ये. सप्टेंबर २०१८ मध्ये एफडीएचे, म्हणजे अन्न, औषधं आणि तंबाखूवर नियंत्रण ठेवणाऱ्या सरकारी यंत्रणेचे, तेव्हाचे प्रमुख स्कॉट गॉटलीब यांनी याला साथीचा रोग म्हटलं आणि डिसेंबरमध्ये सर्जन जनरल, म्हणजे सार्वजनिक आरोग्याबद्दल सरकारतर्फे बोलणारे मुख्य डॉक्टर, जेरोम ॲडम्स यांनी देशभर सूचना काढली.

त्याच डिसेंबरमध्ये, दोन दिवसांच्या अंतराने, मार्लबोरो बनवणाऱ्या आल्ट्रिया कंपनीने जूलचा ३५ टक्के हिस्सा १२.८ अब्ज डॉलरला घेतला. हे मी मुद्दाम इथे लिहितोय. सिगारेट सोडवायला निघालेल्या कंपनीत सिगारेट कंपनी एवढा पैसा घालते तेव्हा तिला पुढची पन्नास वर्षं गिऱ्हाईक कुठून येणार ते दिसत असतं.

आणि मुलांना काय माहीत होतं? २०१८ मध्ये ट्रूथ इनिशिएटिव्ह या तंबाखूविरोधी संस्थेच्या अभ्यासात १५ ते २४ वयाच्या जूल वापरणाऱ्यांपैकी ६३ टक्क्यांना यात दरवेळी निकोटिन असतंच हे ठाऊक नव्हतं. आंब्याच्या वासाची वाफ, एवढंच. तलफ लागल्यावर कळायचं. सकाळी उठल्या उठल्या हात शोधायला लागतो, तासाला बसवत नाही, बाथरूमला जाऊ का असं दर अर्ध्या तासाने विचारायचं.

शाळांनी काय केलं

शाळा गोंधळून गेल्या होत्या हे समजून घ्यायला पाहिजे. सिगारेटचा वास येतो, धूर दिसतो, सर आत गेले की कळतं. याचं काहीच नाही. हुडीच्या बाहीत धरून वर्गातच ओढायचे. शिक्षकाला वाटायचं पेनड्राइव्ह आहे. मग बाथरूमवर पहारे, व्हेप डिटेक्टर, काही शाळांनी तर बाथरूमच्या आतल्या दारांची पानं काढून टाकली, ज्याचा त्रास सगळ्याच मुलांना, न ओढणाऱ्यालाही. आणि सापडला की सस्पेंड. म्हणजे निकोटिनची सवय लागलेल्या पोराला आठवडाभर घरी बसवायचं, एकटं, फोन आणि पॉड घेऊन. यातून पोर सुटेल असं मानायला काही आधार नव्हता, पण शाळेच्या हातात तेवढंच होतं, आणि पालकही कारवाई झाली की समाधानी व्हायचे.

आणि याच काळात, शाळा मदत शोधत असताना, मदत घेऊन कोण आलं? जूलच आली.

हा या प्रकरणाचा सगळ्यात महत्त्वाचा भाग आहे आणि आपल्या शाळांनी नीट वाचावा असा आहे. एप्रिल २०१८ मध्ये कंपनीने जाहीर केलं की अल्पवयीन मुलांनी हे वापरू नये यासाठी तीन वर्षांत ३ कोटी डॉलर खर्च करू. त्याच सुमारास कंपनीची माणसं शाळांकडे व्हेपिंग प्रतिबंधाचा अभ्यासक्रम घेऊन जात होती. जुलै २०१९ मध्ये अमेरिकन संसदेच्या उपसमितीने, अध्यक्ष होते राजा कृष्णमूर्ती, दोन दिवस सुनावणी घेतली त्यात कागदपत्रं बाहेर आली. शाळेत येऊन कार्यक्रम करू द्या म्हणून काही शाळांना १० हजार डॉलर आणि वर द्यायची तयारी होती. बाल्टिमोरमध्ये एका चार्टर शाळेमार्फत (सरकारी पैशावर पण स्वतंत्रपणे चालणारी शाळा) ८० मुलांच्या पाच आठवड्यांच्या उन्हाळी शिबिरासाठी १ लाख ३४ हजार डॉलर दिले गेले होते, आणि त्यात तिसरीपासूनची मुलं होती. तिसरीची. कंपनीतल्याच एका अधिकाऱ्याने आतल्या ईमेलमध्ये लिहिलं होतं की आपलं हे काम पूर्वी सिगारेट कंपन्या करायच्या त्याच्याशी फारच मिळतंजुळतं आहे.

त्या अभ्यासक्रमात होतं काय? स्टॅनफर्डच्या बॉनी हॅल्पर्न-फेल्शर, ज्या स्वतः शाळांसाठी तंबाखूविरोधी शिक्षणसाहित्य बनवतात, त्यांनी आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने २०१८ मध्ये तो तपासला. मन शांत ठेवणं, मोहाला नाही म्हणणं, असा सूर. पण फ्लेवरचा मुलांवर काय परिणाम होतो यावर काही नाही, आणि कंपन्या मुलांना कसं गाठतात यावर काही नाही. सगळी जबाबदारी त्या तेरा वर्षांच्या पोराच्या मनावर, आणि ते पोर ज्या बाजारात उभं आहे त्याबद्दल अवाक्षर नाही.

सुनावणीत दोन किशोरवयीन मुलांनी साक्ष दिली ती न्यूयॉर्कच्या एका शाळेतली. नववीचा वर्ग, २०१८, बाहेरच्या संस्थेने मानसिक आरोग्य आणि व्यसनावरचं सत्र ठेवलेलं, शिक्षकांना बाहेर पाठवलेलं म्हणजे मुलं मोकळं बोलतील, आणि बोलायला आलेला माणूस जूलशी संबंधित. हे तुमच्यासाठी नाही असं तो म्हणाला, आणि त्याचबरोबर हे पूर्णपणे सुरक्षित आहे असंही म्हणाला, एफडीएची मान्यता आता कधीही येईल असंही. चौदा वर्षांच्या मुलाने यातून काय उचललं असेल ते सांगायची गरज नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये एफडीएने कंपनीला इशाऱ्याचं पत्र पाठवलं त्यात शाळेतल्या या बोलण्याचाही उल्लेख होता. कंपनीचं म्हणणं असं की लोकांना हे रुचत नाहीये असं लक्षात आल्यावर २०१८ मध्येच आम्ही तो कार्यक्रम बंद केला.

माझं मत स्पष्ट आहे. शाळेत मुलांशी बोलायला कोण येतंय, त्याचं पाकीट कोण भरतंय, आणि शिक्षक वर्गात बसणार आहेत की नाहीत, या तीन गोष्टी मुख्याध्यापकांनी आणि पालक शिक्षक संघाने लेखी विचाराव्यात, आणि शिक्षक बाहेर बसणार असतील तर कार्यक्रम होऊ देऊ नये.

मग आकडा खाली कशामुळे आला

त्या वर्गातल्या मुलांनी घरी येऊन सांगितलं म्हणून प्रकरण उघडकीस आलं. न्यूयॉर्कच्या तीन आयांनी २०१८ मध्ये संघटना काढली, पेरेंट्स अगेन्स्ट व्हेपिंग ई-सिगारेट्स, आणि मला सगळ्यात भावतं ते हे की त्या नुसत्या मुलांना समजवा असं सांगत बसल्या नाहीत, थेट फ्लेवर बंद करा आणि वय वाढवा यामागे लागल्या. राज्याराज्यांत गेल्या, संसदेत साक्ष दिली.

पुढे बऱ्याच गोष्टी एकामागून एक झाल्या. एफडीएने सप्टेंबर २०१८ च्या अखेरीस सॅन फ्रान्सिस्कोतल्या कंपनीच्या मुख्यालयात अचानक जाऊन हजारावर पानं ताब्यात घेतली. नोव्हेंबरमध्ये कंपनीने दुकानातून फळांचे फ्लेवर काढले, पण पुदिना आणि मेंथॉल ठेवला, आणि पोरं सरळ पुदिन्यावर गेली, मग वर्षभराने तोही काढावा लागला. जून २०१९ मध्ये कंपनीच्या स्वतःच्याच गावाने, सॅन फ्रान्सिस्कोने, मान्यता नसलेल्या ई-सिगारेटच्या विक्रीवर बंदी घातली, आणि ती उलटवायला कंपनीने मतदानाचा प्रस्ताव आणला तो लोकांनी नोव्हेंबरमध्ये पाडला. २० डिसेंबर २०१९ ला देशभर तंबाखूजन्य वस्तू घ्यायचं वय १८ वरून २१ झालं. यातला हिशेब साधा आहे, अठरा वर्षांचा मुलगा बारावीच्या वर्गात असतो आणि खालच्या मुलांना आणून देतो, एकवीस वर्षांचा शाळेत नसतो.

त्याच वर्षी फुफ्फुसाच्या आजाराची एक वेगळी लाट आली, फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण दवाखान्यात आणि ६८ मृत्यू. बरेच लोक अजूनही हे जूलमुळे झालं असं सांगतात, ते बरोबर नाही. त्यात मुख्य दोषी निघालं ते टीएचसीच्या, म्हणजे गांजातल्या नशा आणणाऱ्या घटकाच्या, बरेचदा चोरट्या मार्गाने आलेल्या कार्ट्रिजमधलं व्हिटॅमिन ई ॲसिटेट. मुलांसमोर चुकीची गोष्ट सांगितली आणि त्यांनी ती फोनवर तपासली की आपल्या बाकीच्या खऱ्या गोष्टींवरचाही विश्वास जातो, म्हणून हे लिहिलं.

फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्र सरकारने पॉडवाल्या वस्तूंचे तंबाखू आणि मेंथॉल सोडून बाकी फ्लेवर अडवले. त्यात एक भोक राहिलं. वापरा आणि फेकून द्या अशा डिस्पोजेबल वस्तू त्यातून वगळल्या होत्या. झालं, पफ बार नावाची वस्तू त्याच भोकातून आली. व्हेप करणाऱ्या हायस्कूलच्या, म्हणजे नववी ते बारावीच्या, मुलांत डिस्पोजेबलचं प्रमाण एका वर्षात २.४ टक्क्यांवरून २६.५ टक्क्यांवर गेलं. मग प्रयोगशाळेत बनवलेलं निकोटिन तंबाखूपासून नाही म्हणून कायद्यात बसत नाही असं म्हणत काहींनी विक्री चालू ठेवली, तो मार्ग २०२२ च्या वसंतात बंद केला. मग एल्फ बार ही आणखी एक डिस्पोजेबल आली. नियमात ज्या एका प्रकाराला सोडलं त्या प्रकाराकडे सगळा धंदा वळतो, हे या पाच वर्षांत तीनदा दिसलं.

तरीही एकूण आकडा उतरला. हायस्कूलचा २७.५ टक्के २०२० ला १९.६, २०२३ ला १०, २०२४ ला ७.८. कोविडमध्ये शाळा बंद होत्या त्याचाही हात आहेच, पण शाळा सुरू झाल्यावरही तो पूर्वीच्या उंचीवर गेला नाही, आणि सिगारेटही त्या जागी परत आली नाही, ती २०२४ मध्ये हायस्कूलला १.७ टक्के होती.

खटल्यांचं थोडक्यात सांगतो. २०२१ मध्ये नॉर्थ कॅरोलिनाशी ४ कोटी डॉलरला मिटवलं, सप्टेंबर २०२२ मध्ये ३० हून जास्त राज्यांशी ४३.८५ कोटीला, एप्रिल २०२३ मध्ये न्यूयॉर्क, कॅलिफोर्निया वगैरेंशी ४६.२ कोटीला. पैशांपेक्षा मला २०२२ च्या अटी जास्त मोलाच्या वाटतात. पस्तिशीच्या आतला माणूस जाहिरातीत दाखवायचा नाही, कार्टून नाही, आणि शिक्षणाच्या कार्यक्रमांना पैसे द्यायचे नाहीत. ही शेवटची अट शाळेतल्या त्या सगळ्या उद्योगाला दिलेलं उत्तर आहे. आल्ट्रिया मार्च २०२३ मध्ये बाहेर पडली, १२.८ अब्जांच्या हिश्शाची किंमत तोवर साधारण २५ कोटींवर आली होती. आणि जुलै २०२५ मध्ये एफडीएने जूलच्या तंबाखू आणि मेंथॉल प्रकारांना मोठ्यांसाठी विक्रीची परवानगी दिली, म्हणजे कंपनी संपली असं समजू नका.

आपल्याकडे

भारताने १८ सप्टेंबर २०१९ ला वटहुकूम काढून ई-सिगारेट पूर्णच बंद केली, डिसेंबरमध्ये कायदा झाला. निर्मला सीतारामन यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं तेव्हा अमेरिकेतल्या शाळकरी मुलांचे आकडेच पुढे केले होते. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं, पहिल्यांदा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही, पुन्हा सापडला तर तीन वर्षं आणि पाच लाख. शिवाय बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ नुसार अल्पवयीन मुलाला दारू, तंबाखू किंवा अमली पदार्थ देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे, आणि शाळेपासून १०० यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही हे तर २००३ पासूनच्या कायद्यात आहे. तरी मुंबई-पुण्यात टपरीवर आणि ऑनलाइन व्हेप मिळतात हे मुलांना माहीत आहे, आपल्यालाही माहीत आहे. माझ्या मते शाळेने वर्षात एक व्याख्यान कमी ठेवलं तरी चालेल, पण गेटपासून दोन्ही बाजूंना चालत जाऊन कुठे काय मिळतं याची यादी शिक्षक आणि पालकांनी मिळून करावी, ती पोलीस स्टेशनला लेखी द्यावी, पोच घ्यावी, आणि महिन्याने परत जाऊन बघावं.

ज्यांना लागलंय त्यांचं काय

२०२४ मध्येही अमेरिकेत सहावी ते बारावीची १६ लाखांवर मुलं व्हेप करत होती, त्यातली २६.३ टक्के रोज. प्रयोग म्हणून ओढणारी बरीच मुलं गळाली, उरली त्यात रोजची तलफ असलेली बरीच आहेत, आणि त्यांना बंदीने काही मिळत नाही, त्यांना सोडायला मदत लागते. इथे दोन गोष्टी चांगल्या झाल्या. एक, अमेरिकन लंग असोसिएशनने सस्पेंड करण्याऐवजी वापरायचा कार्यक्रम तयार केला, सापडलेला मुलगा शाळेतच सत्रांना बसतो, निकोटिनने आपलं काय होतंय ते समजून घेतो, घरी पाठवला जात नाही. दुसरं, ट्रूथ इनिशिएटिव्हने जानेवारी २०१९ पासून मोबाइलवर मेसेजने चालणारा मोफत कार्यक्रम काढला, नाव सांगायला नको, आईवडिलांना कळायला नको, तलफ आली की मेसेज टाकायचा आणि लगेच उत्तर येतं, त्यातले बरेच मेसेज सोडलेल्या मुलांनीच लिहिलेले. १३ ते १७ वयाच्या मुलांवर याची नीट चाचणी झाली, २०२४ मध्ये निकाल आले. सात महिन्यांनंतर हा कार्यक्रम मिळालेल्यांपैकी ३७.८ टक्के मुलं त्या महिन्यात व्हेपपासून लांब होती, न मिळालेल्यांत २८ टक्के. शंभरात दहा पोरं जास्त सुटली, नुसत्या मेसेजवर, कुणाला शाळेबाहेर न काढता. मराठीत मुलांसाठी असं काही माझ्या माहितीत नाही, आणि शाळेतल्या समुपदेशकांना, आरोग्य खात्याला आणि मोबाइल वापरता येणाऱ्या कुठल्याही संस्थेला ते करता येण्यासारखं आहे.